विटांच्या भुकटीवरची जोडी

बेंबळीच्या माणसाला वीट म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. माती तुडवणे, साच्यात घालणे, भट्टी लावणे हे आपल्यापैकी अनेकांच्या घरांनी केले आहे. फुटक्या विटा कुटून त्यांची भुकटी केली की ती सुरखी. जुने गवंडी ती चुन्यात कालवत. या सुरखीवर टेनिसची एक जागतिक स्पर्धा खेळली जाते, असे आम्ही परवा वाचनालयात सांगितले, तेव्हा पोरे हसली. आम्ही थट्टा करतो आहोत असे त्यांना वाटले.

थट्टा नव्हती. पॅरिस शहरात रोलाँ गॅरोस नावाचे टेनिसचे क्रीडासंकुल आहे. ते १९२८ साली बांधले. ज्याचे नाव दिले तो टेनिसपटू म्हणून नव्हे, तर वैमानिक म्हणून गाजला होता. भूमध्य समुद्र विमानाने पहिल्यांदा ओलांडणारा हा माणूस १९१८ साली पहिल्या महायुद्धात मारला गेला. येथे दरवर्षी फ्रेंच ओपन ही स्पर्धा होते. कोर्टाच्या तळाशी दगड, त्यावर खडी, त्यावर जळक्या कोळशाचे खडे, मग पांढऱ्या चुनखडीचा चुरा आणि सर्वांत वर लाल विटांची भुकटी. या भुकटीचा थर फक्त एक-दोन मिलिमीटर जाडीचा! वरचेवर पाणी मारून तो ओलसर ठेवावा लागतो. आपल्या देशातही पूर्वी मातीवर शेण सारवून टेनिसची कोर्टे करीत. अंगण सारवणाऱ्या आमच्या माताभगिनींना यात नवल वाटणार नाही.

या मातीचा स्वभाव न्यारा आहे. गवतावर चेंडू सपकन घसरत येतो. येथे तो टप्पा पडल्यावर मंदावतो आणि उंच उसळतो. त्यामुळे एका दणक्यात गुण मिळवणाऱ्या ताकदवान खेळाडूची ताकद येथे अर्धी होते, आणि ज्याला दम आहे, जो दहा वेळा चेंडू परत करील, त्याला संधी मिळते. चेंडू कोठे पडला याचा ठसाही मातीवर उमटतो. वाद झाला की पंच खाली उतरून तो ठसा पाहतात.

आता १९९९ सालाकडे येऊ. त्या वर्षी मे-जूनमध्ये गावात दोनच विषय होते, कारगिलची लढाई आणि इंग्लंडमधला क्रिकेटचा विश्वचषक. त्याच दिवसांत वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार बोटांच्या जागेत एक बातमी आम्ही वाचनालयाच्या पायरीवर बसून वाचली. लिअँडर पेस आणि महेश भूपती यांनी फ्रेंच ओपनचे पुरुष दुहेरीचे विजेतेपद जिंकले होते. महेशने १९९७ साली याच मातीवर जपानच्या रिका हिराकीसोबत मिश्र दुहेरी जिंकली होती. ग्रँड स्लॅम म्हणजे चार मोठ्या स्पर्धांपैकी एक जिंकणारा तो पहिला भारतीय. पण दोन्ही भारतीय असलेल्या जोडीने असे विजेतेपद मिळवले ते १९९९ लाच.

समोर होते क्रोएशियाचा गोरान इव्हानिसेविच आणि अमेरिकेचा जेफ टारँगो. इव्हानिसेविचची डावखुरी सर्व्हिस म्हणजे तोफगोळा. गवतावरच्या विम्बल्डनची एकेरीची अंतिम फेरी त्याने तोवर तीनदा गाठली होती. मातीने त्या गोळ्याची धार कमी केली आणि आपल्या पोरांनी सामना ६-२, ७-५ असा घेतला. लिअँडर नेटजवळ चपळ, तर महेशची सर्व्हिस आणि परतीचा फटका भक्कम. दुहेरीचे कोर्ट एकेरीपेक्षा दोन्ही बाजूंनी साडेचार फूट रुंद असते. एवढी जागा दोघांनी मिळून राखायची. एक पुढे गेला की दुसऱ्याने मागचे सांभाळायचे, न सांगता.

त्याच वर्षी त्यांनी विम्बल्डनही जिंकले. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या अंतिम फेरीत ते हरले. चारही स्पर्धांची अंतिम फेरी एकाच वर्षी गाठणारी पुरुष जोडी १९५२ नंतर झालेली नव्हती.

हे दोघे गरिबीतून आले, असे मात्र कोणी समजू नये. लिअँडरचे वडील वेस पेस मूळचे गोव्याचे, १९७२ च्या ऑलिंपिकमधल्या कांस्यपदक विजेत्या हॉकी संघातले. महेशला तर वडिलांनीच शिकवले. घरात खेळ, हातात रॅकेट आणि खेळायला कोर्ट. आमच्या जिल्ह्याचा खेळ खो-खो, त्याला दोन खांब आणि मैदान पुरते. त्यातून आमच्या सारिका काळेने भारतीय संघाचे नेतृत्व केले आणि २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळवला. टेनिसला पैसा लागतो, हे कबूल करूनच पुढचे वाचावे.

कारण आम्हाला सांगायचे आहे ते पैशाबद्दल नव्हे. ही जोडी यशाच्या शिखरावर असतानाच फुटू लागली होती. दोघे वेगळे झाले, पुन्हा एकत्र आले. २००१ मध्ये त्याच लाल मातीवर पाला आणि विझनर या चेक जोडीला ७-६, ६-३ असे हरवून पुन्हा जिंकले. २००२ आणि २००६ च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळवले. आणि पुन्हा फुटले. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या वेळी तर महेशने लिअँडरसोबत खेळायला नकार दिला. तरी डेव्हिस चषकात देशासाठी या दोघांनी सलग २४ दुहेरी लढती जिंकल्या आहेत. मने जुळत नव्हती त्या वर्षांतल्याही काही त्यात आहेत. हे कसे जमते, असा प्रश्न आम्हाला वीस वर्षे पडत आला आहे.

तो पडायला घरचे कारण आहे. १९९९ मध्ये ज्याच्यासोबत आम्ही ती बातमी वाचली, त्याच्यासोबतच आम्ही वाचनालय चालवीत होतो. आम्ही तेव्हा बी.कॉम.ला, म्हणून जमाखर्च आमच्याकडे. पुस्तके आणि वर्गणी त्याच्याकडे. पुढच्याच वर्षी एका लोखंडी कपाटाच्या सातशे रुपयांवरून आमचे बोलणे बंद झाले. पावती नव्हती. आम्ही ती चारचौघांत मागितली, ही आमची चूक. त्याने रागाने किल्ली फेकली, ही त्याची. पण वाचनालय बंद पडले नाही. सकाळी तो उघडायचा, संध्याकाळी आम्ही बंद करायचो. हिशेबाच्या चिठ्ठ्या एका पोराच्या हाती जायच्या. असे तीन वर्षे चालले. नंतर त्याच्या आईच्या आजारपणात बोलणे सुरू झाले, तेही कोणी आधी बोलले ते आठवत नाही.

२०२१ साली लिअँडर आणि महेश यांच्यावर एक मालिका आली. त्यात दोघांनी एकमेकांबद्दलचे राग मोकळेपणाने सांगितले आहेत. ती आम्ही त्याच्या मोबाइलवर पाहिली, वाचनालयाच्या त्याच पायरीवर बसून. मध्येच त्याने मालिका थांबवली आणि सातशे रुपयांचा विषय काढला. रात्रीचे दहा वाजेपर्यंत आम्ही भांडत होतो.