पाच, पन्नास, पाचशे : लेकराच्या चालण्याचे मोजमाप

वाचकहो, शेत आपण एकरात मोजतो, कापूस क्विंटलात आणि दूध लिटरात. पण घरातले लेकरू नीट चालत नसेल, तर त्याचे चालणे कशात मोजावे? डॉक्टरांनी विचारले की आपण म्हणतो, "चालते थोडेफार." एवढ्या उत्तरावर डॉक्टरांनी तरी काय ठरवावे?

ज्या दुखण्याविषयी आपण बोलतो आहोत, ते म्हणजे मेंदूचा पक्षाघात. इंग्रजीत त्याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. जन्माआधी, जन्मताना किंवा जन्मानंतर थोड्याच काळात कोवळ्या मेंदूला इजा होते आणि हातापायांवरचा ताबा बिघडतो. दिवस भरण्याआधी जन्म, जन्मताना श्वास कोंडणे, फार वाढलेली कावीळ, मेंदूज्वर ही त्याची काही कारणे. यात ग्रहणाचा दोष नाही, आईचा तर मुळीच नाही. मेंदूची इजा वाढत जात नाही, पण मूल वाढते तसे ताठरलेले स्नायू आखडत जातात. म्हणून वरचेवर मोजणे आले.

2004 साली ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथील डॉक्टरांनी एक सोपे माप जगापुढे ठेवले. ते चार ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्यात तीन अंतरे धरतात : 5 मीटर म्हणजे घरातल्या घरात, 50 मीटर म्हणजे शाळेत आणि 500 मीटर म्हणजे गावात, बाजारात. प्रत्येक अंतराला एक आकडा द्यायचा. चाकाच्या खुर्चीला 1, वॉकरला 2, कुबड्यांना 3, काठीला 4. सपाट जमिनीवर बिनआधाराने चालत असेल तर 5, आणि पायऱ्या, चढउतार, गर्दी यांतूनही बिनआधार जात असेल तर 6. भिंत किंवा खाट धरून चालत असेल तरी 4 च. रांगणाऱ्या मुलासाठी वेगळी खूण आहे, आणि जे अंतर मूल स्वतः जातच नाही तेथे आकडाच नाही.

समजा, बोरगाव मेघेतली एक सहा वर्षांची मुलगी आहे. घरात ती भिंत धरून फिरते, म्हणजे 4. शाळेच्या व्हरांड्यात वॉकर घेते, म्हणजे 2. बाजाराला मात्र बाबांच्या खांद्यावर जाते, म्हणून तेथे आकडा नाही. या तीन ओळींत तिची सगळी कहाणी आली. पुढे काय करायचे तेही दिसले : बाजाराला तिला स्वतःच्या चाकांवर कसे नेता येईल?

बायांनो, येथे एक गोष्ट लक्षात ठेवा. लेकरू काय करू शकेल ते सांगू नका, रोज काय करते ते सांगा. दवाखान्याच्या गुळगुळीत फरशीवर ते दहा पावले टाकील, पण पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलात तोच वॉकर रुतून बसतो. हे डॉक्टरांना दिसत नाही, तुम्हाला दिसते. आशेपोटी एक आकडा वाढवून सांगितला, तर साधन चुकीचे मिळते. आणि मायेपोटी सारखे कडेवर घेतले, तर लेकराला येते तेही झाकून जाते.

आकडा 1 आला म्हणून खचू नका. चाकाच्या खुर्चीवर शाळा गाठणारे मूल हरलेले नाही. चालण्याची वाट पाहत घरी बसलेले मूलच मागे पडते.

दर सहा महिन्यांनी हे तीन आकडे वहीत लिहा. आकडा घटला, किंवा मांडी बदलताना लेकरू कळवळू लागले, तर थांबू नका. खुब्याचा सांधा सरकत असू शकतो, त्याला एक्स-रे लागतो. आपल्याकडे सावंगी मेघेचे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आणि सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय जवळ आहे. अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीचे पथक येते, तेव्हाही वही दाखवा. 2016 च्या कायद्यात हे दुखणे अपंगत्वात धरले आहे, म्हणून दाखलाही काढून ठेवा.

चार वर्षांहून लहान मुलाची वाट पाहत बसू नका. सहा महिन्यांपर्यंत मान धरत नसेल, नऊ महिन्यांपर्यंत बसत नसेल किंवा दीड वर्षापर्यंत चालत नसेल, तर "बाप पण उशिराच चालला होता" असे म्हणून दिवस घालवू नका. हालचालीतली बरीचशी प्रगती पहिल्या पाच वर्षांतच होते. पेरणीचा वाफसा निघून गेल्यावर काय होते, ते तुम्हाला आम्ही सांगायला नको.