आठव्या मजल्यावरून खाली

घरातल्या मेलेल्या माणसांविषयी मुलांना किती सांगावे, हा प्रश्न आपल्यापैकी बहुतेकांना कधी ना कधी पडलेला असतो. चुलत्याने विहिरीत उडी घेतली असेल, तर पाय घसरला म्हणून सांगतात. आजोबा कर्जापायी परागंदा झाले असतील, तर ते काशीला गेले असे ठरते. यात लबाडी नसते, माया असते. मुलाच्या कोवळ्या मनावर ओझे नको, मोठा झाला की कळेलच, असे म्हणून आपण विषय बदलतो. या मायेचा शेवट कुठे होऊ शकतो, हे दाखवणाऱ्या एका कादंबरीविषयी आम्ही बोलणार आहोत. कादंबरी अमेरिकेतली आहे आणि ती मुलांसाठी लिहिलेली आहे.

तिचे नाव 'लाँग वे डाउन'. लेखक जेसन रेनॉल्ड्स. 2017 साली ती प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षी न्यूबेरी पारितोषिकाच्या मानाच्या यादीत जाऊन बसली. रेनॉल्ड्स हे कृष्णवर्णी लेखक. त्यांचा जन्म 1983 साली वॉशिंग्टन शहरात झाला आणि राजधानीला लागूनच असलेल्या मेरीलँड राज्यात ते लहानाचे मोठे झाले. एखादी कादंबरी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत आपण प्रथम वाचली ती सतराव्या वर्षी, असे ते मोकळेपणाने सांगतात. 2020 पासून तीन वर्षे ते अमेरिकेच्या बालकुमार साहित्याचे राष्ट्रीय दूत होते. पुस्तकाला हात न लावणाऱ्या मुलाचे मन त्यांना आतून ठाऊक आहे, आणि त्याचा परिणाम त्यांच्या लिहिण्याच्या रीतीवर झालेला आहे. ही सबंध कादंबरी मुक्तछंदात आहे. पानावर दहा-वीस ओळी, कुठे चारच, आणि भोवती कोरा कागद. जाड पुस्तकाला बिचकणारा मुलगा हे पुस्तक एका बैठकीत संपवतो. आम्हांलाही दुसरी बैठक लागली नाही.

कथानक सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही. विल हा पंधरा वर्षांचा मुलगा. त्याचा थोरला भाऊ शॉन एकोणीस वर्षांचा. आईच्या हातांना खाज सुटून कातडी फुटते. तिला लागणारा विशिष्ट साबण आणायला शॉन दुकानात जातो आणि परत येताना रस्त्यावर त्याला गोळी घालतात. साबणाची पिशवी त्याच्याजवळ पडलेली असते. त्या वस्तीत तीन नियम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहेत. आजोबांनी ते बापाला शिकवले, बापाने शॉनला आणि शॉनने विलला. पहिला नियम रडू नये हा. कोणी मारले ते पोलिसांच्या कानावर घालू नये, हा दुसरा. आणि आपल्या माणसाला ज्याने मारले त्याला मारावे, हा तिसरा. शॉनच्या कपाटाचा मधला खण वाकडा होऊन अडकलेला असतो. विल तो खेचून उघडतो, तर आत पिस्तूल. ते कमरेला खोचून दुसऱ्या दिवशी सकाळी तो आठव्या मजल्यावरून लिफ्टने खाली निघतो. रिग्ज नावाच्या मुलानेच हे केले, अशी त्याची खात्री झालेली आहे. (अमेरिकेत तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात, तेव्हा आपल्या मोजणीने हा सातवा मजला.) लिफ्टला खाली यायला साधारण एक मिनिट लागते. कादंबरी घडते ती एवढ्या वेळात.

प्रत्येक मजल्यावर लिफ्ट थांबते, दार उघडते आणि एक माणूस आत येतो. आत येणारा प्रत्येक जण गोळीने मेलेला आहे. आत येऊन ते सिगारेटी पेटवतात आणि ती लहानशी पेटी धुराने भरत जाते. पहिला येतो शॉनचा मित्र बक. विलच्या कमरेचे पिस्तूल मुळात त्याचे. तो गोळ्या मोजायला लावतो. पंधरा असायला हव्या होत्या, चौदाच भरतात. शॉनने एक गोळी झाडली होती, आणि घरात हे कोणालाही ठाऊक नव्हते. मग येते डॅनी, विलची बालमैत्रीण. आठ वर्षांची असताना खेळाच्या मैदानावर भलत्याच कोणासाठी सुटलेली गोळी तिला लागली होती. तिचा प्रश्न अगदी साधा आहे: तुझा नेम चुकला तर? मैदानावर मेलेल्या मुलीने तो विचारावा, यातच त्याचे उत्तर आले.

पाचव्या मजल्यावर येतो चुलता मार्क. त्याला चित्रपट काढायचे होते. हातचा कॅमेरा गेला. दुसरा घेण्यापुरते पैसे मिळवावेत म्हणून त्याने रस्त्याच्या कोपऱ्यावर अमली पदार्थ विकायला सुरुवात केली आणि त्या कोपऱ्याच्या मालकीवरून तो मारला गेला. तो पुतण्याला म्हणतो, तू काय करणार आहेस ते पटकथेसारखे सांग. विल सांगू लागतो. घराबाहेर पडणे, चालत जाणे, दार दिसणे, सगळे नीट सांगतो; पण गोळी घालण्याचे क्रियापद काही त्याच्या तोंडून निघत नाही. आम्हांला या पुस्तकातला हा सर्वांत खरा प्रसंग वाटतो. मनात शंभरदा केलेले कृत्य जिभेवर आणताना मुलगा अडखळतो, आणि अजून वाचण्याजोगे त्याच्यात काही शिल्लक आहे ते तिथेच दिसते.

त्यानंतर बाप येतो. विल अगदी लहान असताना तो गेला. हृदय भंगून गेला, असे आई सांगत असे, आणि त्यात ती अगदी खोटे बोलत होती असेही नाही. भाऊ मारला गेल्यावर बापाने तिसरा नियम पाळला होता, आणि पुढे त्याचा सूड म्हणून कोणीतरी त्याला सार्वजनिक टेलिफोनपाशी गाठून ठार केले. एवढे विलला शॉनकडून कळलेले असते. त्याच्या पलीकडची गोष्ट लिफ्टमध्ये बापच सांगतो. त्याने ज्याला मारले तो मार्कचा मारेकरी नव्हताच. माणूस चुकला होता! हे सांगून झाल्यावर तो पोटच्या मुलाच्या डोक्याला पिस्तूल लावतो, आणि मग त्याला छातीशी धरतो.

आता पाहा. या मुलाला वारशात नियम मिळाले. त्या नियमांनी घरात काय केले हे मात्र मिळाले नाही. सूड घ्यावा एवढे कानावर आले. घेतलेला सूड भलत्याच माणसावर पडला, हा भाग मृताबरोबर पुरला गेला. घराण्याच्या जमाखर्चाच्या वहीतली खर्चाची पाने फाडून उरलेली वही मुलाच्या हाती द्यावी, तसे हे झाले. तो मुलगा ती वही खरी मानून व्यवहार करणार. त्याला दोष कसा द्यावा? आईने माया म्हणून गोष्ट झाकली, आणि भाऊ बोलला नाही तो बोलू नये या नियमामुळे. दोहोंचा परिणाम एकच झाला: पंधरा वर्षांचा मुलगा आपण पहिलेच आहोत अशा समजुतीने लिफ्टमध्ये शिरला.

मृत बापाने येऊन गुपित सांगावे, ही कल्पना मराठी प्रेक्षकांना नवी नाही. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चे आगरकरांनी केलेले रूपांतर 'विकारविलसित' 1883 साली प्रसिद्ध झाले, आणि गणपतराव जोशी यांचा चंद्रसेन पाहण्यासाठी एका काळी नाटकगृहे भरत. तिथेही मेलेला राजा मुलापुढे उभा राहून आपल्या खुनाचे गुपित फोडतो. परंतु तो ते फोडतो सूड घे असे बजावण्यासाठी. रेनॉल्ड्स यांनी ही जुनी योजना उलटी केली आहे. इथला बाप गुपित फोडतो ते स्वतःच्या चुकीचे, आणि आज्ञा मात्र कोणतीच देत नाही. सहापैकी एकही मृत जा किंवा जाऊ नकोस असे म्हणत नाही. उपदेश नावालाही नाही. कुमारांसाठी लिहिणाऱ्या आपल्या लेखकांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी, असे आम्हांला नम्रपणे सुचवावेसे वाटते.

आता कोणी विचारील, मुलांच्या हाती असले भयंकर पुस्तक द्यावेच कशाला? शंका रास्त आहे. ही वस्ती लेखकाने कल्पनेने उभी केली असली, तरी तिथले मरण कल्पनेतले नाही, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. शस्त्र बाळगण्याचा हक्क अमेरिकेच्या राज्यघटनेत 1791 सालच्या दुरुस्तीने आलेला आहे. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत तिथल्या नागरिकांजवळची पिस्तुले-बंदुका सुमारे 39 कोटी असल्याचा अंदाज दिला होता. म्हणजे माणसांहून शस्त्रे अधिक. 2021 या एका वर्षात तिथे 48,800 हून अधिक माणसे गोळीने मेली. त्यांतील निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. आणि 2020 साली एक ते एकोणीस वर्षे वयाच्या मुलांच्या मृत्यूचे पहिले कारण बंदूक हे ठरले. तोवर मोटारींचे अपघात पुढे असत. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्याने परवान्यावाचून पिस्तूल ठेवता येत नाही. त्यामुळे कपाटाच्या खणात पिस्तूल सापडणे ही गोष्ट आपल्या मुलांना दूरची वाटेल. तिथल्या पुष्कळ मुलांना ती तितकी दूरची नाही.

दुसऱ्या नियमाबद्दलही दोन शब्द बोलले पाहिजेत. नाहीतर पोलिसांना न सांगणे हा निव्वळ आडमुठेपणा वाटेल. 2020 ते 2022 या काळात अमेरिकेत पोलिसांनी नोंदलेल्या खुनांपैकी निम्म्याच्या आसपास उलगडलेच नाहीत. कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत पोलिसांविषयीचा अविश्वास तर जुनाच आहे. न्याय मिळण्याची आशा जिथे निम्मी, तिथे माणसे स्वतःचे कायदे करतात. ते कायदे वाईट असतील, पण ते वेडेपणातून आलेले नाहीत. रेनॉल्ड्स विलला मूर्ख ठरवत नाहीत ते याच कारणाने. त्यांच्या स्वतःच्या तरुणपणी त्यांच्या एका मित्राचा खून झाला, आणि त्या रात्री आपल्याही मनात सूडच होता, हे त्यांनी जाहीरपणे सांगितलेले आहे. पुस्तक त्यांनी अर्पण केले आहे ते सुधारगृहांत डांबलेल्या मुलामुलींना. अशा अनेक मुलांना ते भेटलेले आहेत.

तेव्हा असले पुस्तक का द्यावे, या शंकेला आमचे उत्तर असे की, ज्या मुलाला त्या खणाची वाट ठाऊक आहे, त्याला लिफ्टमधली मंडळीही ठाऊक असू द्यावीत. 2020 साली डॅनिका नोव्हगोरोडॉफ यांनी या कादंबरीची चित्रमय आवृत्ती केली. जलरंगांतल्या त्या चित्रांना 2022 साली इंग्लंडचे केट ग्रीनअवे पदक मिळाले. अक्षरांचा कंटाळा असलेल्यांनी तिथून सुरुवात करायला हरकत नाही.

राहता राहिले शेवटचे दोन मजले. तिसऱ्या मजल्यावर येणाऱ्या फ्रिकला विल ओळखतच नाही. बकला याने मारले, आणि त्याचा सूड म्हणून शॉनने याला मारले. ती पंधरावी गोळी याच्या अंगात. आणि आता बक आणि फ्रिक शेजारी शेजारी उभे राहून सिगारेट ओढत आहेत! जिवंतपणी न मिटलेले वैर मेल्यावर इतके किरकोळ झालेले पाहून वाचकाला अंगावर काटाही येतो आणि हसूही येते. यानंतर दुसऱ्या मजल्यावर शॉन आत येतो. विल त्याच्याशी बोलत राहतो, विचारत राहतो; तो उत्तर देत नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहते. ज्याने पहिला नियम शिकवला तोच रडतो आहे. लिफ्ट तळाशी येते. तिथल्या बटणावर इंग्रजी 'एल' हे अक्षर आहे, आणि लहानपणी हे दोघे भाऊ त्याचा अर्थ हरलेला असा लावून खिदळत असत. दार उघडते, धूर बाहेर पडतो, त्याच्यामागून ती सहा माणसे बाहेर जातात, आणि शॉन वळून धाकट्याला दोन शब्दांत विचारतो की, तू येतोस का. पुस्तक इथेच संपते.

विल त्यांच्यामागून गेला की पुन्हा आठव्या मजल्याचे बटण दाबून वर गेला, हे लेखकाने लिहिलेले नाही. रिग्जनेच शॉनला मारले की नाही, हेही शेवटपर्यंत सिद्ध होत नाही. आणि वर घरात असलेल्या आईला यातले काय काय ठाऊक होते, हा प्रश्न पुस्तकात कोणीच विचारत नाही. आम्ही पुस्तक मिटले तेव्हा आमच्या मनात तोच होता.