पाणी ७० अंशांचं, मग वीज का नाही?

पिरंगुटचे कारखाने मागे टाकून ताम्हिणी उतरलात की कोकण. तिथे गरम झऱ्यांना ‘उन्हाळे’ म्हणतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या उन्हवऱ्याचं पाणी साधारण ७० अंश सेल्सिअस. भूऔष्णिक ऊर्जेत संशोधन करायचं म्हणणारा पहिला प्रश्न हाच विचारतो: मग तिथे वीज का नाही?

प्रश्न बरोबर, पण अर्धा. इंजिन नुसत्या उष्णतेवर नाही, तापमानाच्या फरकावर चालतं. अलास्कातल्या चेना इथे २००६ पासून सुमारे ७४ अंशांच्या पाण्यावर वीज तयार होते. आपल्यापेक्षा चारच अंश जास्त! खरी गंमत थंड बाजूला आहे. तिथे गार करायला मिळणारं पाणी ४ अंशांच्या आसपास असतं. केल्विनमध्ये मांडून बघा: १ − २७७/३४७, म्हणजे २० टक्के. कोकणात थंड बाजू ३० अंश धरली तर १ − ३०३/३४३, जेमतेम १२ टक्के. ही झाली कार्नोची कमाल मर्यादा. प्रत्यक्षात फार तर निम्मं हाती लागतं, आणि पंपांची वीज त्यातूनच जाते. फळं, मासळी वाळवायला मात्र हेच पाणी उत्तम.

मग खोल जायचं का? ‘दख्खनचा खडक ज्वालामुखीचा, म्हणून खाली अजून गरम असेल’ हे वाक्य प्रस्तावात कृपया लिहू नका. तो लाव्हा ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. त्याची धग कधीच निवली. किलोमीटरला २५ ते ३० अंश वाढ धरा, पिरंगुटखाली १५० अंशांसाठी चार-पाच किलोमीटर बोअर लागेल. शिवाय तिथे पाणी खेळायला भेगा हव्यात.

मला पिरंगुटचे वरचे शंभर मीटरच जास्त महत्त्वाचे वाटतात. दहाएक मीटर खाली जमीन वर्षभर जवळपास एकाच तापमानाला असते, भर मे महिन्यातल्या हवेपेक्षा बरीच गार. उष्णता-पंपाने शेडमधली उष्णता तिथे सोडता येते. युरोपात हिवाळ्यात तीच उष्णता घरं तापवायला परत काढतात. आपल्याकडे काढणार कोण? दरवर्षी नुसती भर पडत राहिली तर जमीन तापेल आणि पंपाचा फायदा घटत जाईल.

पण मुळशीचा पाऊस बेसॉल्टच्या भेगांतून खाली वाहतो. तो वर्षाला किती उष्णता वाहून नेतो? हे मोजायचं तर एकाच बोअरची चाचणी दोनदा करा, एकदा मेमध्ये, एकदा ऑगस्टमध्ये.