प्रिंटर चालू असूनही कम्प्युटर त्याला 'ऑफलाइन' का म्हणतो? दोष बहुतेकदा पत्त्याचा असतो!

प्रिंटरचा दिवा हिरवा आहे. कागद आहे, टोनर आहे. काल संध्याकाळपर्यंत प्रिंट निघत होत्या आणि आज सकाळी कम्प्युटर म्हणतो, 'प्रिंटर ऑफलाइन'. सीएच्या ऑफिसात रिटर्नची शेवटची तारीख असते, पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्टसाठी पेशंट थांबलेले असतात आणि नेमकं तेव्हाच हे होतं. मग कुणीतरी ड्रायव्हर काढून परत टाकतं. प्रिंट सुरू होते, पण काही दिवसांनी पुन्हा तेच.

अशा वेळी प्रिंटर बिघडलेला असेलच असं नाही. अनेकदा फक्त त्याचा पत्ता बदललेला असतो.

पत्ता बदलतो कसा?

नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला एक आयपी ॲड्रेस असतो. उदाहरणार्थ, १९२.१६८.१.१०५. हे पत्ते वाटायचं काम राउटर करतो. या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. पण राउटर पत्ता कायमचा देत नाही, ठरावीक मुदतीसाठी भाड्याने देतो.

यंत्र चालू असेल तर मुदत संपायच्या आत ते भाडेकरार वाढवून घेतं. पण प्रिंटर दोन-तीन दिवस बंद राहिला किंवा वीज जाऊन राउटर रिस्टार्ट झाला, तर १०५ नंबर एखाद्या मोबाइलला मिळू शकतो आणि प्रिंटरला मिळतो ११२. तुमचा कम्प्युटर मात्र १०५ चंच दार वाजवत बसतो. तिथे प्रिंटर नसतोच, म्हणून 'ऑफलाइन'.

यावर उपाय काय?

प्रिंटरचा पत्ता पक्का करणं. त्याचे दोन मार्ग आहेत.

पहिला आणि सोपा मार्ग राउटरमधून. प्रिंटरच्या मेनूत नेटवर्क विभागात जा आणि कॉन्फिगरेशनचा कागद छापून घ्या. त्यावर आयपी ॲड्रेस आणि १२ अक्षर-आकड्यांचा मॅक ॲड्रेस असतो. आता राउटरच्या सेटिंगमध्ये 'ॲड्रेस रिझर्वेशन' शोधा, तिथे हा मॅक ॲड्रेस आणि हवा तो आयपी भरा आणि प्रिंटर बंद करून चालू करा. यापुढे तो नंबर फक्त प्रिंटरचा. एक लक्षात ठेवा, केबलचा आणि वाय-फायचा मॅक ॲड्रेस वेगळा असतो. प्रिंटर ज्याने जोडलाय, त्याचाच भरा.

दुसरा मार्ग म्हणजे प्रिंटरमध्येच 'मॅन्युअल' निवडून पत्ता भरणं. इथे तीन गोष्टी लागतात : आयपी ॲड्रेस, सबनेट मास्क (लहान ऑफिसात सहसा २५५.२५५.२५५.०) आणि गेटवे, म्हणजे राउटरचा पत्ता. इथे घाईत एक चूक होते. समजा, राउटर १०० ते १९९ नंबर वाटतो आणि तुम्ही प्रिंटरला १२० दिलात. उद्या राउटरने तोच नंबर एखाद्या लॅपटॉपला दिला, की एका पत्त्यावर दोन भाडेकरू! प्रिंट कधी निघते, कधी नाही. म्हणून राउटर वाटतो त्या नंबरांबाहेरचा, कुणाकडे नसलेला पत्ता द्या, जसं की १९२.१६८.१.५०.

कम्प्युटरलाही सांगा

विंडोजमध्ये प्रिंटर प्रॉपर्टीज उघडून 'पोर्ट्स'वर जा. तिथे 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट' नव्याने जोडून पक्का केलेला पत्ता भरा (आकडे इंग्रजीत). हे प्रत्येक कम्प्युटरवर एकदाच करायचंय. पोर्टमध्ये आधीपासून असलेला पत्ताच मोकळा असेल आणि तोच रिझर्व्ह केलात, तर हाही खटाटोप वाचतो.

प्रिंटरचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्याला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. आधी केबल किंवा वाय-फायचा पासवर्ड तपासा.

एक गोष्ट मात्र करू नका

१९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी असतात, बाहेरच्या इंटरनेटवरून तिथे थेट पोहोचता येत नाही. पण घरून प्रिंट देता यावी म्हणून काही जण राउटरमध्ये 'पोर्ट फॉरवर्डिंग' करून प्रिंटर जगासाठी उघडा करतात. २०१८ च्या अखेरीस एका हॅकरने असेच उघडे प्रिंटर शोधले आणि प्यूडीपाय या यूट्यूबरला सबस्क्राइब करा, असे कागद त्यांतून छापून काढले. सुमारे ५०,००० प्रिंटर वापरल्याचा त्याचा दावा होता. तिथे कागदच वाया गेला. पण असा उघडा प्रिंटर कुणाच्याही हाती लागू शकतो आणि ऑफिसच्या प्रिंटरमधून पगारपत्रकं, आधारच्या प्रती, मेडिकल रिपोर्ट जात असतात.

म्हणून पत्ता पक्का करा, प्रिंटरचा ॲडमिन पासवर्ड बदला आणि तो आयपी एका चिठ्ठीवर लिहून प्रिंटरवर चिकटवा. पुढच्या वेळी प्रिंट अडली, तर ड्रायव्हर काढण्याआधी चिठ्ठीवरचा आणि कम्प्युटरमधला नंबर जुळतो का, एवढं आधी बघा.