कलशाचं झाकण कधी अडकेल, पावसाळ्यात की उन्हाळ्यात?

आधी तुम्हीच उत्तर द्या, मग पुढे वाचा. सागवानाचा अस्थिकलश लेथवर कातून घेतला. तोंडाच्या आत पितळेची कडी चिकटवली, कडीला आतून आटे पाडले आणि त्यात फिरवून बसणारं पितळी झाकण केलं. लाकूड ओलावा घेतं आणि सोडतं. मग कडी कधी आवळली जाईल?

बहुतेक जण 'पावसाळ्यात' म्हणतात, कारण पावसाळ्यात घराचं दार फुगून अडकलेलं सगळ्यांनी पाहिलंय. पण इथे उलटं होतं. एखादं चित्र झेरॉक्स मशीनवर १०१ टक्के मोठं करा, चित्रातलं वर्तुळही मोठंच होतं. लाकडाचंही तसंच. ओलावा सगळीकडे सारखा मुरला की भोकाच्या भोवतीचं लाकूड फुगतं आणि भोकही मोठं होतं. दाराचं गणित वेगळं आहे. दाराची रुंदी लाकडाच्या रेषांना आडवी असते, म्हणून ती वाढते. चौकटीची वरची पट्टी मात्र रेषांच्या लांबीत असते आणि त्या दिशेला लाकूड जवळजवळ हलतच नाही. फुगणारी वस्तू न हलणाऱ्या जागेत अडकते, इतकंच.

आपल्याकडे याचं सगळ्यात चांगलं उदाहरण बैलगाडीचं चाक. चाकावर लोखंडी धाव तापवून चढवतात, थंड झाली की ती आवळते. पण उन्हाळ्यात लाकूड वाळतं, धाव सैल होते, आणि मग जुनी माणसं चाक नदीत नाहीतर डबक्यात भिजत ठेवायची. तिथे धातू बाहेर आणि लाकूड आत. आपल्या कलशात धातू आत आणि लाकूड बाहेर. म्हणून परिणामही उलटा: वाळलं की आवळतं.

आता आकडे. हिरव्या सागवानातला ओलावा पूर्ण काढला तर ते वाढीच्या वर्तुळांना समांतर दिशेत साधारण ५.८ टक्के आकसतं, गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेत फक्त २.५ टक्के. ही आकसण ओलावा साधारण २९ टक्क्यांखाली उतरला की सुरू होते. हवेची आर्द्रता ७० टक्के असेल तर लाकडात ओलावा १३ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतो, ४० टक्क्यांना ७ च्या आसपास. म्हणजे फरक ६ टक्क्यांचा. कलशाचं तोंड ८० मिमी धरा. एका बाजूने भोक सुमारे १ मिमी कमी होईल, काटकोनातल्या दुसऱ्या बाजूने सुमारे ०.४ मिमी. गोल तोंड अंडाकृती होतं! आणि पितळ? तापमान २५ अंशांनी बदललं तरी ८० मिमीची कडी जेमतेम ०.०४ मिमी हलते. ती हलत नाही, म्हणून सगळा ताण लाकडावर येतो. एकतर कडी दबून आटे घासायला लागतात, नाहीतर कलशाला उभी चीर जाते.

सावंतवाडीत लेथवर कातलेले लाखेचे कुंकवाचे करंडे पाहिले असतील. तिथे झाकणही लाकडाचं असतं, दोघं साधारण एकत्र हलतात, त्यामुळे निभावतं. धातू आला की हा समजूतदारपणा संपतो. शिवाय कोकणातल्या दमट हवेत कातलेली वस्तू अहिल्यानगरच्या पर्जन्यछायेतल्या कोरड्या हवेत आली, किंवा हीटर चालणाऱ्या अमेरिकेतल्या घरात गेली, तर फरक आणखी वाढतो. आपल्या जिल्ह्यात अस्थी बहुधा मडक्यात घालून, तोंडाला फडकं बांधून प्रवरासंगमला नेतात. त्या फडक्याला आटे नसतात हे एक बरं! काठावर उभं राहून झाकणाशी झटापट करायची वेळ कुठल्याच घरावर येऊ नये.

यावर छोटा प्रयोग करता येतो, आणि पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने तो जरूर करावा. एकाच फळीतून सहा कडी-तोंडं काता. तिघांना पितळ लावा, तीन तशीच ठेवा. ही दुसरी तीन फार महत्त्वाची, कारण भोक खरंच आकसतं की नाही हे पितळ नसलेलंच सांगेल. दर आठवड्याला वजन आणि दोन काटकोनातले व्यास मोजा, दोन्ही दिशा पहिल्याच दिवशी पेन्सिलीने खूण करून. शेवटी एक तुकडा १०३ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. ओलाव्याची टक्केवारी कोरड्या वजनावर काढतात, ओल्या नव्हे. म्हणूनच ती कधी कधी शंभरच्या वर जाते, दचकू नका.

एक गुंतागुंत लक्षात ठेवा. मी 'सगळीकडे सारखा ओलावा' म्हटलं. पहिल्या एक-दोन दिवसांत तसं नसतं. आतला पृष्ठभाग आधी भिजला, बाहेरचं लाकूड अजून कोरडं असलं, तर भोक थोडं आकसूही शकतं. सकाळी दमट हवेत ठेवून संध्याकाळी मोजलेल्या आकड्यावरून निष्कर्ष काढलात तर तो चुकेल.

कातणाऱ्याने काय करावं? आधी कलश ओबडधोबड काता, भिंत व्यासाच्या दहाव्या भागाइतकी जाड ठेवा. वजन बदलायचं थांबेपर्यंत काही महिने वाळू द्या आणि मगच अंतिम माप काढा. ओलावा १० टक्क्यांच्या आसपास असताना कडी बसवली तर दोन्हीकडे निम्माच फरक सोसावा लागतो. कडी ठोकून बसवू नका. चारही बाजूंनी साधारण ०.३ मिमी जागा सोडा आणि ती सिलिकॉनसारख्या दबणाऱ्या चिकटाने भरा. लाकडात थेट आटे पाडून त्यात पितळी झाकण फिरवण्याचा मोह होईल. मला तो पर्याय अजिबात पटत नाही, कारण मग अंडाकृती झालेलं तोंडच झाकण धरणार. पितळाचे आटे पितळातच फिरू द्यावेत.