विजया तेल, वेदना आणि विम्याचे कार्ड

कर्करोगाच्या वेदनेवर ‘विजया तेला’च्या जाहिराती आता जानेफळसारख्या गावातील मोबाईलवरही पोहोचतात. घरात कोणी वेदनेने रात्र रात्र तळमळत असेल, तर कुटुंब हजारो रुपये मोजायलाही तयार होते. मग प्रश्न येतो, हा खर्च आरोग्य विम्यात किंवा महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतो का?

घरी मागवलेल्या बाटलीपुरते उत्तर बहुधा ‘नाही’ असेच आहे. जनआरोग्य योजना ठरावीक आजारांवरील रुग्णालयातील उपचारांचा खर्च उचलते. खासगी विमाही मुख्यतः दाखल रुग्णासाठी असतो. एप्रिल २०२४ पासून विमा कंपन्यांनी आयुष उपचारांना इतर उपचारांच्या बरोबरीने संरक्षण द्यावे, असा विमा नियामकाचा आदेश आहे. पण त्याचा अर्थ घरी घेतलेल्या प्रत्येक तेलाचे पैसे मिळतील, असा नाही. बाह्यरुग्ण औषधांचे कलम पॉलिसीत आहे का, हे आधी लेखी विचारून घ्यावे.

विजया म्हणजे भांग. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा आणि चरस बंदीच्या कक्षेत आहेत. शेंडे नसलेली पाने आणि बिया मात्र त्या व्याख्येबाहेर राहतात. याच वाटेने परवानाधारक आयुर्वेदिक औषधांत विजया वापरली जाते. औषध नियमांत तिची नोंद विषारी द्रव्यांच्या यादीत असून ती वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यायची असते. शेतात विनापरवाना गांजा लावल्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते, मग कारण औषधाचे का असेना.

शास्त्र काय सांगते? भांगेतील कॅनाबिडिऑल या घटकाला अमेरिकेत २०१८ मध्ये मुलांच्या दोन दुर्मीळ व तीव्र अपस्मारांसाठी मान्यता मिळाली. केमोथेरपीनंतरच्या मळमळीवर या वनस्पतीतील द्रव्यांचा उपयोग होतो. कर्करोगाच्या वेदनेवरचा पुरावा मात्र कमकुवत आहे आणि कर्करोग बरा होतो, या दाव्याला आधार नाही. उलट रक्त पातळ करणाऱ्या वॉरफेरिनसारख्या गोळ्यांशी ही द्रव्ये गुंतागुंत करतात. चक्कर, गुंगी, तोल जाणे हे त्रास वृद्धांना अधिक होतात. जर्मनीत २०१७ पासून गंभीर आजारात सरकारी विमा गांजाचा खर्च देतो. तोही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आणि बहुतेकदा पूर्वपरवानगीने.

मूळ प्रश्न वेदनेचा आहे, आणि तिच्यावर स्वस्त, पारखलेले औषध आहे: मॉर्फीन. २०१४ च्या कायदा दुरुस्तीने मान्यताप्राप्त रुग्णालयांना ते ठेवणे सोपे झाले. तोंडाने घ्यायच्या साध्या गोळ्या साधारण दर चार तासांनी देतात आणि बद्धकोष्ठता टाळण्यासाठी सोबत रेचक देतात. वेदनेसाठी योग्य मात्रेत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतल्यास व्यसनाची भीती फारशी नसते. तरीही त्या भीतीपायी अनेक रुग्ण विनाकारण सोसत राहतात.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. म्हणून जाहिरातीतील क्रमांकावर पैसे पाठवण्याआधी रुग्णाचे कागद घेऊन बुलडाण्याच्या जिल्हा रुग्णालयात वेदनाशामक सेवेची, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरची, चौकशी करावी. विजया औषध आधीच सुरू असेल तर ते लपवू नये. बाटलीच डॉक्टरांना दाखवावी.