खोडकर मूल आणि भयकथा : मराठी किशोर कादंबरीतील भयाचे प्रयोजन

प्रस्तावना :

मराठी बालसाहित्याच्या विवेचनात संस्कार, मनोरंजन आणि विज्ञाननिष्ठा या निकषांची चर्चा वारंवार होते. भय या घटकाचा विचार मात्र त्या तुलनेने कमी झालेला आहे. मुलांच्या पुस्तकात भीतिदायक काही असू नये, असा संकेत सामान्यतः पाळला जातो. दुसरीकडे, मूल जेवत नाही, झोपत नाही किंवा हट्ट करते, अशा वेळी घरातील वडीलधारी मंडळी बागुलबुवाला सहज हाक मारतात. पुस्तकात वर्ज्य मानलेले भय घरात शिस्तीचे साधन म्हणून राबवले जाते, ही विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. न ऐकणारे मूल आणि भय यांची गाठ घालून देणारी कादंबरी नेमके काय साधते आणि मराठीत या दोन घटकांचा संबंध कसा राहिला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

भय : शिक्षा की परीक्षा?

खोडकर मुलाच्या कथेत भयाचा वापर मुख्यतः दोन प्रकारे होतो. पहिल्या प्रकारात भय ही शिक्षा असते. मुलाने आज्ञा मोडली, म्हणून भयंकर काही घडते आणि कथा तेथेच संपते. फ्रँकफुर्टचे डॉक्टर हाइनरिख हॉफमान यांचे १८४५ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘स्ट्रूव्हेलपीटर’ हे सचित्र पद्यपुस्तक याचे ठळक उदाहरण होय. त्यात अंगठा चोखणाऱ्या मुलाचे अंगठे शिंपी मोठ्या कात्रीने कापून टाकतो. येथे मुलाला स्वतःहून करण्यासारखे काहीच उरत नाही.

दुसऱ्या प्रकारात भय ही परीक्षा असते. मूल संकटात सापडते ते बहुधा स्वतःच्याच वागण्यामुळे. परंतु त्यातून बाहेर पडण्यासाठी त्याला पाहावे लागते, विचार करावा लागतो, निवड करावी लागते. पहिला प्रकार छोट्या गोष्टीत सामावतो. कादंबरीला मात्र दुसऱ्या प्रकाराचीच गरज असते, कारण शिक्षा झाली की कथेला पुढे जाण्यास वाट राहत नाही.

‘पिनोकिओ’ची साक्ष :

कार्लो कोलोदी यांच्या ‘पिनोकिओ’च्या लेखनप्रवासातून ही बाब स्पष्ट होते. ही कथा इटलीतील मुलांच्या एका साप्ताहिकात १८८१ पासून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. लाकडी बाहुला असलेला पिनोकिओ शाळा चुकवतो, खोटे बोलतो, उपदेश करणाऱ्या रातकिड्यावर हातोडा फेकतो. पुढे त्याच रातकिड्याची छाया त्याला अंधारात भेटते, निळ्या केसांची मुलगी आपण मृत असल्याचे सांगते आणि काळे ससे त्याच्यासाठी तिरडी घेऊन येतात. ही सर्व दृश्ये भयकथेचीच आहेत.

पंधराव्या प्रकरणात मारेकरी पिनोकिओला झाडाला फाशी देतात आणि मूळ कथा तेथेच थांबली होती. न ऐकणाऱ्या मुलाला त्याचे फळ मिळाले, एवढाच तिचा अर्थ होता. परंतु वाचकांना ती पुढे हवी होती. १८८२ मध्ये लेखन पुन्हा सुरू झाले, बाहुला वाचला आणि १८८३ मध्ये संपूर्ण पुस्तक प्रसिद्ध झाले. ज्या कृतीला आज जग ओळखते, ती लेखकाने मुलाची शिक्षा रद्द केल्यानंतर उभी राहिली, असे म्हणता येते.

पैठणचा वेताळ :

परीक्षा घेणाऱ्या भयाचा शोध घेण्यासाठी मराठी अभ्यासकाला परदेशात जाण्याची आवश्यकता नाही. छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीचे औरंगाबाद) दक्षिणेस सुमारे ५० किलोमीटर अंतरावर असलेले पैठण हे या परंपरेचे एक उगमस्थान आहे. गुणाढ्याने पैशाची भाषेत ‘बृहत्कथा’ रचली, असे परंपरा सांगते आणि त्याचा संबंध प्रतिष्ठानच्या सातवाहन राजाशी जोडते. राजाने ग्रंथ नाकारला, तेव्हा गुणाढ्याने रानातील पशुपक्ष्यांना वाचून दाखवत त्याचे एकेक पान अग्नीत टाकले, ही आख्यायिका प्रसिद्ध आहे. मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाही. त्या परंपरेतून सिद्ध झालेल्या सोमदेवाच्या अकराव्या शतकातील ‘कथासरित्सागरा’त वेताळाच्या पंचवीस कथा येतात आणि त्यांतील राजा त्रिविक्रमसेन हा गोदाकाठच्या प्रतिष्ठानचाच आहे. पुढे ‘चांदोबा’ मासिकातील विक्रम-वेताळाच्या रूपाने याच चौकटीने मराठी मुलांच्या अनेक पिढ्यांना स्मशानाची सैर घडवली.

या चौकटीतील भयाचे स्वरूप मार्मिक आहे. स्मशान, प्रेत आणि अंधार असूनही वेताळ राजाला शिक्षा करीत नाही, तो प्रश्न विचारतो. उत्तर ठाऊक असून राजाने मौन पाळले तर त्याचे मस्तक फुटेल, अशी अट असते. अखेरच्या प्रश्नाचे उत्तर खरोखरच न सापडल्यामुळे राजा गप्प राहतो, तेव्हा वेताळ प्रसन्न होतो आणि साधुवेषातील भिक्षू राजाचा बळी देणार आहे, हे उघड करतो. ज्याचे रूप भयानक तो हितकर्ता ठरतो. ज्याचे रूप सौम्य तो घातकी निघतो. भयकथा मुलाला देऊ शकते असा याहून मोलाचा विवेक दाखवणे कठीण आहे.

आधुनिक मराठीतील तीन वाटा :

आधुनिक मराठी बालसाहित्यात अवखळ मुलांची वाण नाही. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे ही नावे घरोघरी परिचित आहेत. भयाशी असलेल्या नात्याच्या दृष्टीने मात्र तीन स्वतंत्र वाटा दिसतात.

पहिली वाट संस्काराची. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ (१९३५) मध्ये श्याम पोहण्याच्या भीतीने घरात लपून बसतो आणि आई त्याला मारून विहिरीवर धाडते. येथील भय पाण्याचे आहे, अमानवी शक्तीचे नाही. त्याचे निराकरणही अखेरीस आईच्या मायेत होते. मुलाचा भित्रेपणा हा दोष मानला गेला असला, तरी लेखकाने ती भीती लपवलेली नाही, हे या प्रसंगाचे बळ आहे.

दुसरी वाट शोधाची. फुरसुंगीचा बनेश फेणे उपद्व्यापी आहे. नको तेथे नाक खुपसणे हाच त्याचा स्वभाव आहे. त्याच्या साहसकथांत गूढ भरपूर असले, तरी अखेरीस त्यामागे बहुधा माणसाचाच डाव निघतो. भागवतांनी खोडकरपणाला कुतूहलाची प्रतिष्ठा दिली, हे त्यांचे मोठे कार्य होय. परंतु या कथांत भयाचे रूपांतर कोड्यात होते आणि कोडे सुटताच भय विरून जाते.

तिसरी वाट हास्याची. रत्नाकर मतकरी (१९३८-२०२०) यांच्या ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यातील चिंची चेटकीण मुलांना घाबरवते त्याहून अधिक हसवते. २०१८ मध्ये हे नाटक नव्या संचात रंगभूमीवर आले, तेव्हाही चेटकिणीचे आकर्षण कमी झालेले नव्हते. भीतीवर हसता येणे हीदेखील एक मुक्तीच आहे. तथापि, ज्यावर प्रथमपासूनच हसता येते त्याची खरी भीती वाटत नाही.

वयाची भिंत :

अस्सल भय मराठीत लिहिले गेले, पण ते मुख्यतः प्रौढांसाठी. नारायण धारप (१९२५-२००८) यांच्या भयकादंबऱ्या आणि मतकरींच्या गूढकथा ही त्याची प्रमुख उदाहरणे. मतकरींचे उदाहरण विशेष बोलके आहे. एकाच लेखकाने मुलांसाठी हसरी चेटकीण निर्माण केली आणि प्रौढांसाठी अंगावर काटा आणणारी गूढकथा लिहिली. दोन्ही प्रांतांत त्यांचे प्रभुत्व निर्विवाद आहे. पण त्यांच्यामधील भिंत मराठी वाङ्मयव्यवहारात कायम राहिली. परिणामी दहा ते चौदा वर्षांचे वाचक एकतर भयाविना साहस वाचतात किंवा थेट मोठ्यांच्या कपाटातील धारप चोरून वाचतात. खोडकर मुलाला केंद्रस्थानी ठेवून त्याच्याच वयाच्या वाचकासाठी गंभीरपणे लिहिलेली भयकादंबरी ही जागा मराठीत ठळकपणे भरलेली दिसत नाही.

शैक्षणिक संदर्भ :

हा प्रश्न केवळ साहित्यप्रकाराचा नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शाळेत शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई आहे. छडीला कायद्याने बंदी झाली. परंतु भीती दाखवून गप्प बसवण्याची सवय गोष्टींमधून टिकून राहू शकते. ज्या मुलाने भय केवळ शिक्षेच्या रूपात अनुभवले, ते आपली भीती बोलून दाखवत नाही. कारण भीती वाटणे म्हणजेच आपण चुकलो, असे त्याने गृहीत धरलेले असते. प्रत्यक्ष धोक्याच्या प्रसंगी, विशेषतः धोका ओळखीच्या व सौम्य माणसाकडून असेल तेव्हा, हे मौन त्याला महागात पडते. बालसाहित्य शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी आणि अध्यापक महाविद्यालयांनी कथानिवड करताना म्हणूनच ‘ही कथा भीतिदायक आहे का?’ एवढ्यावर न थांबता ‘येथे भय कोणाच्या हाती आहे आणि मुलाच्या हाती काय उरते?’ हा प्रश्न विचारणे इष्ट ठरते.

निष्कर्ष :

१. खोडकर मुलाच्या कथेत भय हे शिक्षा किंवा परीक्षा या दोन रूपांत येते. कादंबरीच्या विस्ताराला दुसरे रूपच पोषक ठरते.

२. ‘पिनोकिओ’ची कादंबरी मुलाची शिक्षा मागे घेतल्यामुळे पूर्णत्वास गेली. प्रतिष्ठानच्या राजाची वेताळकथा हे परीक्षारूप भयाचे देशी आणि प्राचीन उदाहरण आहे.

३. आधुनिक मराठी बालसाहित्याने भयाला संस्कार, शोध आणि हास्य या मार्गांनी हाताळले. अस्सल भय प्रौढ वाचकांकडे सोपवले.

४. बागुलबुवा मुलाला गप्प करतो, वेताळ त्याला बोलायला लावतो. मराठीतील भावी किशोर भयकादंबरीने या दुसऱ्या परंपरेचा वारसा घ्यावा, असे या विवेचनावरून सुचवता येते.